देशातील पैसा, देशाचे उत्पादन आणि तुमच्या ठेवी

प्रश्न : मी ५८ वर्षांची असून दोन वर्षांनी निवृत्त होईन. आयुष्यभराची बचत मुख्यतः बँकेच्या मुदत ठेवींत आहे आणि त्यांतील एक ठेव आईच्या औषधपाण्यासाठी वेगळी राखलेली आहे. धाकट्या भावाने मला नुकताच एक आलेख दाखवला. निरनिराळ्या देशांतील पैशाचा एकूण पुरवठा त्या त्या देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या किती टक्के आहे, हे त्यात मांडले होते. काही देशांत हे प्रमाण २०० टक्क्यांच्या वर होते आणि आपल्या देशातही ते कित्येक वर्षे वाढतच गेलेले दिसले. भावाचे म्हणणे असे की, उत्पादनापेक्षा पैसा जास्त झाला की जास्तीचा पैसा नुसता कागद असतो. म्हणून सगळ्या ठेवी मोडून सोने आणि जमीन घ्यावी. मला त्याचे म्हणणे खोडता येत नाही आणि पटतही नाही. हे प्रमाण किती असले म्हणजे सुरक्षित समजावे? मी ठेवी मोडाव्यात का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण निर्णय तुम्हाला त्यावर घ्यायचा आहे. केवळ हा आलेख पाहून ठेवी मोडू नका. तुमच्या भावाची काळजी निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पैशाची किंमत खालावते आणि तिचा सर्वांत मोठा फटका ठेवीदारालाच बसतो, हे खरे आहे. त्यांनी त्या काळजीसाठी जे मोजमाप निवडले आहे, ते मात्र वेगळ्याच गोष्टीचे आहे. ते नेमके कशाचे आहे, हे समजून घेतल्याशिवाय तुम्हाला त्यांना उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या गुणोत्तराच्या अंशस्थानी जो ‘पैसा’ आहे तो ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर नोटांच्या थप्प्या येतात. प्रत्यक्षात नोटा आणि नाणी हा त्यातला लहान भाग असतो आणि उरलेला सारा पैसा म्हणजे लोकांच्या आणि कंपन्यांच्या बँकांतील ठेवी होत. २०१४ साली बँक ऑफ इंग्लंडने आपल्या त्रैमासिकात या विषयावर सविस्तर लिहिले, तेव्हा ब्रिटनमधील व्यापक अर्थाच्या पैशापैकी ९७ टक्के पैसा ठेवींच्या रूपात असल्याचे नमूद केले होते. प्रत्येक देशात हा आकडा वेगळा असतो, पण रचना तीच असते. तेव्हा तुमचे बंधू ज्याला ‘जास्तीचा कागद’ म्हणतात, त्यात तुमची स्वतःची मुदत ठेवही मोजलेली आहे. या ठेवी आकाशातून पडत नाहीत. बँक एखाद्याला कर्ज देते तेव्हा त्याच्या खात्यात तेवढी रक्कम जमा दाखवते आणि त्या क्षणी नवा पैसा जन्माला येतो. पाठ्यपुस्तकांत ज्याला पतपैसा म्हणतात तो हाच. कर्ज फेडले की तेवढा पैसा नाहीसा होतो. म्हणून देशातील ठेवींच्या डोंगरासमोर, बँकांच्या ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला, जवळपास तेवढाच कर्जांचा आणि सरकारी रोख्यांचा डोंगर उभा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण खरा धोका कुठे शोधायचा हे पुढे त्यावरूनच ठरणार आहे.

छेदस्थानी असते स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी. वर्षभरात देशात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे ते मूल्य असते. इथे एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. पैसा हा एका विशिष्ट दिवशी मोजलेला साठा असतो, तर उत्पादन हा वर्षभर वाहणारा प्रवाह असतो. साठ्याला प्रवाहाने भागले की उत्तर काळात येते. प्रमाण ७५ टक्के असेल तर त्याचा अर्थ इतकाच की, देशातील लोकांनी आणि उद्योगांनी मिळून नऊ महिन्यांच्या उत्पादनाएवढी रक्कम पैशाच्या रूपात हाताशी ठेवली आहे. प्रमाण २०० टक्के असेल तर ती रक्कम दोन वर्षांच्या उत्पादनाएवढी आहे. एखाद्या कुटुंबाची बँकेतील शिल्लक त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट असली, तर निम्मी शिल्लक खोटी आहे असे आपण म्हणत नाही. शंभर टक्के ही या बाबतीत लक्ष्मणरेषा वाटते, कारण आपले मन ‘पैसा एवढा आणि माल एवढा’ अशा दोन ढिगांची तुलना करते. पण एका वर्षाऐवजी सहा महिन्यांचे उत्पादन छेदात घेतले असते, तर तेच प्रमाण दुप्पट दिसले असते आणि देशाच्या परिस्थितीत काडीचाही फरक पडला नसता. शिवाय पैसा केवळ नव्या उत्पादनाच्या खरेदीसाठी वापरला जात नाही. जुनी घरे, जमिनी, शेअर, कच्चा माल, अर्धवट तयार माल या सगळ्यांचे व्यवहार त्याच पैशाने होतात आणि ते उत्पादनाच्या आकड्यात एक तर मुळीच येत नाहीत किंवा स्वतंत्रपणे मोजले जात नाहीत.

अर्थशास्त्रात या गुणोत्तराची उलटी बाजू अधिक परिचित आहे. उत्पादनाच्या चालू किमतीच्या मूल्याला पैशाने भागले की पैशाचा भ्रमणवेग मिळतो, म्हणजे एक रुपया किंवा एक डॉलर वर्षभरात उत्पादनाच्या खरेदीसाठी सरासरी किती वेळा हात बदलतो ते कळते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांच्या समीकरणात हेच आहे : पैसा गुणिले भ्रमणवेग बरोबर किंमतपातळी गुणिले उत्पादन. भावाचा युक्तिवाद बरोबर ठरण्यासाठी हा भ्रमणवेग कायम स्थिर असावा लागतो. तो तसा नसतो. लोकांना पैसा जवळ ठेवावासा वाटला की तो मंदावतो, आणि पैसा नकोसा झाला की तो वाढतो. म्हणून तुम्ही पाहिलेला आलेख मुळात लोकांच्या या वागण्याचा आलेख आहे.

आता देश पाहू. जपानमध्ये पैशाचा साठा वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक आहे आणि तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो देश वर्षानुवर्षे भाव घसरण्याच्या दुखण्याने त्रस्त होता. एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने, हारुहिको कुरोदा यांच्या नेतृत्वाखाली, दोन टक्के महागाईचे उद्दिष्ट गाठण्यासाठी आपण निर्माण करत असलेला पायाभूत पैसा दोन वर्षांत दुप्पट करण्याचे जाहीर केले. पायाभूत पैसा म्हणजे नोटा आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या रकमा. तो वाढला, पण लोकांच्या हातातील व्यापक पैसा त्या वेगाने वाढला नाही आणि महागाईही अनेक वर्षे उद्दिष्टाच्या खालीच राहिली. चीनमध्ये २०२४ च्या अखेरीस व्यापक पैसा ३१३ लाख कोटी युआन होता आणि त्या वर्षीचे उत्पादन सुमारे १३५ लाख कोटी युआन होते, म्हणजे प्रमाण २३० टक्क्यांच्या घरात. त्या वर्षी तिथे ग्राहकांसाठीची महागाई होती अवघी ०.२ टक्के. दुसऱ्या टोकाला अर्जेंटिना आहे. तिथे पैशाचे उत्पादनाशी प्रमाण साधारण एक-तृतीयांशाच्या आतबाहेर राहिलेले आहे, तुमच्या भावाच्या हिशेबाने तो अत्यंत सुरक्षित देश ठरावा. पण २०२३ मध्ये तिथली वार्षिक महागाई २०० टक्क्यांच्या पुढे गेली. अर्जेंटिनात हे प्रमाण कमी आहे याचे कारणच महागाई आहे. वारंवार पोळलेले लोक आपल्या चलनात बचत ठेवत नाहीत. हाती आलेला पेसो लवकरात लवकर खर्च करतात किंवा त्याचे डॉलर करून घेतात.

या उलट्या नात्याचे सर्वांत दारुण उदाहरण १९२३ च्या जर्मनीचे आहे आणि तुमच्या भावाला सांगण्यासारखे एकच उदाहरण निवडायचे झाले तर मी हेच निवडीन. भाव इतक्या वेगाने चढत होते की नोटा कितीही छापल्या तरी त्यांचे एकूण खरे मूल्य घटतच जात होते. सोन्याच्या हिशेबात मोजले तर देशातील सारे चलन पहिल्या महायुद्धापूर्वीच्या चलनापेक्षा कितीतरी कमी भरत होते. त्यावरून राइशबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, वर्तुळातील जबाबदार माणसांनी असा निष्कर्ष काढला की, देशात पैसा जास्त नसून तो कमीच पडतो आहे, तेव्हा आणखी छापला पाहिजे. बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाव्हेनश्टाइन यांनी त्या ऑगस्टमध्ये असे सांगितले की, लवकरच एकूण चलनाच्या दोन-तृतीयांश एवढ्या नोटा एका दिवसात बाहेर पाडण्याची क्षमता येईल. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि नव्या रेंटनमार्कची किंमत एक लाख कोटी जुन्या मार्कांइतकी ठरवून तो अध्याय संपवावा लागला. ज्यांच्या ठेवी आणि रोखे मार्कमध्ये होते, त्या मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. पैशाचे उत्पादनाशी प्रमाण कमी दिसते म्हणून निश्चिंत राहणे हे ते जास्त दिसते म्हणून घाबरण्याइतकेच चुकीचे आहे, आणि मला वाटते, त्याहून घातकही आहे.

हे प्रमाण वाढताना दिसले तर अंश वाढला की छेद घटला, हे आधी तपासावे लागते. १९२९ ते १९३३ या महामंदीच्या काळात अमेरिकेतील पैसा सुमारे एक-तृतीयांशाने आटला. बँका बुडत होत्या आणि त्यांच्याबरोबर ठेवीही नाहीशा होत होत्या. त्याच काळात चालू किमतींना मोजलेले उत्पादन मात्र जवळजवळ ४५ टक्क्यांनी खाली आले. परिणामी पैशाचे उत्पादनाशी प्रमाण वाढले! त्या काळी कुणी तुमच्या भावासारखा आलेख काढला असता, तर ‘पैसा फार झाला’ असेच त्याला वाटले असते; प्रत्यक्षात देश पैशाअभावी गुदमरत होता.

प्रमाण हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या वाढत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा एक चांगली गोष्ट असते. ज्या समाजात घरचे पिकवून घरीच खाल्ले जाते आणि बचत दागिन्यांत किंवा गुराढोरांत असते, तिथे मोजला जाणारा पैसा थोडा असतो. बँकेच्या शाखा पोहोचतात, पगार खात्यात जमा होऊ लागतात, लोक मुदत ठेवी करू लागतात, लहान धंद्यांना कर्जे मिळू लागतात, तसतसे हे प्रमाण चढत जाते. तुमच्या देशाच्या रेषेत दिसलेली अनेक वर्षांची वाढ बऱ्याच अंशी हीच असण्याचा संभव मोठा आहे. देशादेशांतील फरकाचीही अशीच घरगुती कारणे असतात. अमेरिकेत लोकांची बचत मोठ्या प्रमाणावर निवृत्ती निधी, शेअर आणि रोख्यांत असते आणि कंपन्याही बँकांइतकेच रोखेबाजारातून पैसे उभे करतात, म्हणून तिथे ठेवी तुलनेने कमी दिसतात. जपान आणि चीनमध्ये बचतीचा ओढा बँकांकडे आहे. हाँगकाँगमध्ये हे प्रमाण ४०० टक्क्यांच्याही वर जाते, कारण बाहेरच्या लोकांचा पैसाही तिथल्या बँकांत असतो आणि त्याचा हाँगकाँगच्या उत्पादनाशी संबंध नसतो.

व्याख्यांचा गोंधळ वेगळाच. कोणत्या ठेवी ‘पैसा’ म्हणून मोजायच्या हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि कधी कधी बदलतोही. अमेरिकेत मे २०२० पासून बचत खात्यांतील रकमा ‘एम-वन’ या संकुचित व्याख्येत धरल्या जाऊ लागल्या आणि त्या रेषेने आलेखावर एका महिन्यात तिपटीहून मोठी उडी घेतली. एक डॉलरही त्यामुळे नव्याने निर्माण झाला नव्हता, पण ती उभी रेषा दाखवून लोकांना घाबरवणारे आजही भेटतात.

आता तुमच्या भावाच्या बाजूचे सांगतो, कारण ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील व्यापक पैसा १५.४ लाख कोटी डॉलरच्या आसपास होता. दोन वर्षांत तो साडेएकवीस लाख कोटींच्या पुढे गेला, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. सरकारने लोकांच्या खात्यांत थेट रकमा भरल्या, त्यासाठी रोखे काढले आणि मध्यवर्ती बँकेने ते मोठ्या प्रमाणावर विकत घेतले. त्याच वेळी टाळेबंदीमुळे उत्पादन घसरले होते, त्यामुळे पैशाचे उत्पादनाशी प्रमाण काही महिन्यांतच सुमारे ७० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत उसळले. सुरुवातीला महागाई आली नाही, कारण लोक घरात होते आणि पैसा खात्यात पडून होता. मग बाजार उघडले, खात्यातील पैसा बाहेर पडला, मालाचा पुरवठा अजून विस्कळीत होता, युक्रेनमधील युद्धामुळे इंधन महागले, आणि जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. या सगळ्या कारणांचा वाटा किती किती होता यावर अर्थतज्ज्ञांत अजून वाद आहे. पण एवढ्या थोड्या काळात, उत्पादन न वाढता, लोकांनी न मागितलेला एवढा पैसा त्यांच्या हाती आला, याचा भाववाढीशी काही संबंध नव्हता असे म्हणणे मला पटत नाही.

या घटनेचा पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. २०२४ पर्यंत ते प्रमाण पुन्हा ७० टक्क्यांच्या थोडेसेच वर, म्हणजे जवळपास जुन्या जागी आले. केवळ प्रमाणाची रेषा पाहणाऱ्याला वाटेल की वादळ आले आणि काही नुकसान न करता निघून गेले. प्रत्यक्षात पैसा फारसा कमी झालाच नव्हता. खरे उत्पादन थोडे वाढले होते आणि भाव २०२० च्या आरंभीच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याहून अधिक चढले होते, म्हणून छेद फुगला होता. ज्याची ठेव त्या काळात शून्याजवळच्या व्याजावर पडून होती, त्याने त्या फुगलेल्या छेदाची किंमत आपल्या क्रयशक्तीतून चुकवली. तुमच्या भावाला ज्याची भीती वाटते ते नुकसान हेच आहे, आणि प्रमाण जिथल्या तिथे दिसत असतानाही ते होऊ शकते.

प्रमाण खूप जास्त असताना ठेवीदार उद्ध्वस्त होण्याची उदाहरणेही आहेत, पण तिथे कारण वेगळे असते. लेबनॉनमध्ये २०१९ पूर्वी बँकांतील ठेवी वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक होत्या. परदेशात काम करणारे लेबनीज लोक तिथे पैसे पाठवत, डॉलरचा दर १९९७ पासून १५०७.५ लेबनीज पौंडांवर बांधलेला होता आणि बँका आकर्षक व्याज देत होत्या. सारे काही विश्वासाचे वाटत होते. पण ताळेबंदाची दुसरी बाजू, जी लक्षात ठेवा असे मी वर म्हटले, ती पोकळ होत गेली होती. बँकांनी ठेवीदारांचे डॉलर मोठ्या प्रमाणावर मध्यवर्ती बँकेकडे आणि कर्जबाजारी सरकारकडे नेऊन ठेवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये बँकांची दारे बंद झाली. ती उघडली तेव्हा खात्यावर रक्कम दिसत होती, पण ती काढता येत नव्हती. मार्च २०२० मध्ये सरकारने परकीय कर्जाचा हप्ता चुकवला आणि पुढच्या काही वर्षांत पौंडाचे मूल्य ९८ टक्क्यांनी लयाला गेले. आलेखावरचा आकडा त्यांना यातले काहीच सांगू शकला नसता, कारण जपानचा आकडाही तेवढाच मोठा होता. ठेवींच्या समोर काय उभे आहे, तो पैसा कुणाला कर्जाऊ दिला आहे आणि तो घेणारा फेडू शकेल का, हे प्रश्न विचारले असते तर कळले असते. चीनबद्दल आज ज्यांना काळजी वाटते, त्यांची काळजीही महागाईची नाही; घरबांधणी आणि स्थानिक सरकारांच्या प्रकल्पांना दिलेल्या कर्जांची आहे. मला ती योग्य दिशेची वाटते.

एक काळ असा होता की मोठमोठे देश पैशाच्या वाढीचे लक्ष्य जाहीर करून त्यावर महागाई नियंत्रित करू पाहत होते. ब्रिटनने १९८० मध्ये तसे केले. पैसा लक्ष्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढला आणि महागाई मात्र तीन वर्षांत पाच टक्क्यांच्या खाली उतरली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जुलै १९९३ मध्ये व्यापक पैशाच्या ‘एम-टू’ या मापाला पूर्वीइतके महत्त्व देणे थांबवत असल्याचे सांगितले. पैसा बिनमहत्त्वाचा ठरला म्हणून हे झाले नाही. भ्रमणवेगावर भरवसा ठेवता येत नाही, हे अनुभवाने कळले म्हणून झाले.

तेव्हा ‘किती टक्के म्हणजे सुरक्षित’ या तुमच्या पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही, आणि जो आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाहायचे असेल तर दुसरे काही पाहा. पैशाची वार्षिक वाढ आणि उत्पादनाची, भाववाढ वगळून काढलेली, वार्षिक वाढ मध्यवर्ती बँकेच्या आणि सांख्यिकी खात्याच्या प्रकाशनांत मिळते. त्या दोन वाढींमधील अंतर चार-पाच वर्षे बरेच मोठे राहिले, तर सावध व्हा. एका वर्षाच्या उडीवरून नव्हे. अंतर पडले असेल तर ते कशाने पडले ते शोधा : उद्योगांनी आणि घर घेणाऱ्यांनी कर्जे काढल्याने की सरकारची तूट मध्यवर्ती बँकेने भरून काढल्याने? दुसऱ्या प्रकारची सवय लागलेल्या देशात ठेवीदाराने जागे राहावे. लोक आपल्या चलनातील ठेवी मोडून परकीय चलनाकडे धावू लागले आहेत का, हेही पाहा. कारण त्या धावेत पैशाचे प्रमाण कमी होऊ लागते आणि तोच खरा इशारा असतो.

तुमच्या ठेवींसाठी मात्र याहून सोपे आणि उपयोगी असे एक गणित आहे. ठेवीवरच्या व्याजातून कर वजा करा आणि उरलेल्या दरातून महागाईचा दर वजा करा. उत्तर शून्याच्या वर असेल तर तुमची पुंजी टिकते आहे. सलग काही वर्षे ते शून्याच्या खाली असेल तर ती झिजते आहे, मग देशातील पैशाचे प्रमाण ५० टक्के असो वा २५० टक्के. झीज होत असेल, तर ज्या रकमेची दहा-बारा वर्षे गरज पडणार नाही तेवढ्या रकमेचा काही भाग दुसरीकडे नेण्याचा विचार जरूर करा, आणि तोही ठेवी मुदत संपून सुटतील तसतसा, म्हणजे मुदतपूर्व मोडल्यामुळे होणारी व्याजातील कपात टळेल. त्यात थोडे सोने असायला हरकत नाही. सगळी पुंजी जमिनीत घालणे मात्र तुमच्या वयाला मला धोक्याचे वाटते, कारण जमीन हवी तेव्हा आणि हवी तेवढीच विकता येत नाही आणि निवृत्तीनंतर दरमहा लागणारा खर्च थांबत नाही. तुमच्या बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण किती रकमेपर्यंत आहे याची चौकशी करा आणि रक्कम त्याहून जास्त असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागा. लेबनॉनच्या प्रकारच्या धोक्यासाठी हा उपाय अपुरा आहे, पण एखादी बँक अडचणीत येण्याच्या नेहमीच्या धोक्यासाठी तो पुरेसा आहे आणि तुमच्या वाट्याला येण्याचा संभव अधिक आहे तो याच धोक्याचा.

भावाशी बोलताना त्यांना आलेखातील रेषेचा अंश आणि छेद वेगवेगळे काढून आणायला सांगा. ज्या वर्षी रेषा चढली त्या वर्षी पैसा वाढला होता की उत्पादन पडले होते, हे दोघांनी मिळून पाहा. त्यांची तळमळ तुमच्यासाठीच आहे आणि एकत्र बसून आकडे पाहिल्यावर ते तुमचे ऐकतील असे मला वाटते. आईच्या औषधपाण्यासाठी राखलेली ठेव मात्र या चर्चेत आणूच नका. ती रक्कम कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नाही आणि लागेल त्या दिवशी ती हातात असली पाहिजे, म्हणून ती आहे तिथेच राहू द्या.